रयतेचा राजा आणि पेरणीची वेळ

(शिवजयंतीच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील एका गावी भरलेल्या शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. वाचकांच्या सोयीसाठी त्यात थोडे फेरफार केले आहेत.)



शिवजयंती आली की आपण पोवाडे ऐकतो, प्रतापगड ऐकतो, आग्र्याहून सुटका ऐकतो. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच पाहिजे. पण आज मी तलवारीबद्दल बोलणार नाही. बैल, बियाणे, कडबा आणि कर्ज या चार गोष्टींबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, याचा महाराजांशी काय संबंध? संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. महाराजांच्या नावावर पुष्कळ आख्यायिका सांगितल्या जातात. त्यांतल्या काही खऱ्या असतात, काही भक्तीपोटी जोडलेल्या असतात. पण त्यांची काही पत्रे आजही उपलब्ध आहेत. राजा कसा होता हे पाहायचे असेल तर त्याने आपल्या अधिकाऱ्यांना काय लिहिले ते पाहावे. पोवाडा दुसऱ्याने रचलेला असतो, हुकूम मात्र त्या राजाचा स्वतःचा असतो.

बीड जिल्ह्याचा संबंध

प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आपला बीड जिल्हा महाराजांच्या स्वराज्यात नव्हता. हा मुलूख आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि १६३६ मध्ये निजामशाही बुडाल्यावर मोगलांकडे गेला. तरीही आपण महाराजांना परके नाही. त्यांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे याच निजामशाहीत वाढले, मोठे झाले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याने जमिनीची प्रत पाहून धारा ठरवण्याची जी पद्धत घातली, तिचा उपयोग पुढे स्वराज्याच्या महसुलातही झाला. म्हणजे ज्या मातीत शेतसाऱ्याचा शहाणपणा रुजला, तिच्यात आपलाही वाटा आहे.

बीड शहराजवळची खजाना विहीर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर या जाणकाराने तिची आखणी केली, असे सांगतात. तिच्यात मोट नाही, इंजिन नाही. जमिनीखालच्या पाटाने पाणी आपोआप पुढे जाते आणि रानाला मिळते. राज्य कुणाचेही असो, ज्याने पाण्याची सोय केली त्याचे नाव राहते. निजामशाही जाऊन पावणेचारशेहून अधिक वर्षे झाली, विहिरीचे नाव मात्र आजही तोंडी आहे. राजाचे कर्तव्य म्हणजे काय, याचा हा आपल्या दारातला दाखला आहे.

आमच्या घरची अर्धी जोडी

आता थोडे घरचे सांगतो. त्याशिवाय पुढचे पत्र नीट कळायचे नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी चौथीत होतो. बालाघाटाच्या कुशीत आमचे गाव. हलकी, मुरमाड जमीन. दारात दोन बैल होते, हरण्या आणि मोऱ्या. आधीचे वर्षही कोरडेच गेले होते. दिवाळीपर्यंत कडबा संपला. माणसांना खडी फोडायला काम मिळाले, मिलो ज्वारी मिळाली, आम्हा पोरांना सुकडी मिळाली. पण बैलाला काय घालायचे? वडिलांनी हरण्याला नेकनूरच्या बाजारात नेले. संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात नुसते दावे होते. बैल विकला तरी दावे देत नाहीत, ते घरी आणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आईने ते दावे खुंटीला अडकवले आणि त्या रात्री घरात कुणी बोलले नाही.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पण एका बैलाने औत चालत नाही. वडिलांनी बैलासाठी उन्हाळ्यातच कर्जाचा अर्ज दिला होता. ज्या ठिकाणी दिला तिचे नाव घेत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती, पण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागला. मृग गेला, आर्द्रा लागल्या. शेजारच्या आबांचाही एकच बैल राहिला होता. त्यांचा एक आणि आमचा एक अशी सावड केली. रीतीप्रमाणे आधी त्यांचे रान पेरले. आमची पाळी आली तेव्हा वाफसा उडाला होता. निम्मे रान उशिरा पेरले, निम्मे तसेच राहिले.

कर्जाचे पैसे हातात पडले ते पोळ्याच्या तोंडावर. पेरणी होऊन गेली होती आणि घरात दाणा नव्हता. बैलाचे पैसे ज्वारीला गेले. पुढच्या वर्षी हप्ता आला, त्याबरोबर व्याज आले. मदत उशिरा आली, व्याज मात्र अगदी वेळेवर आले. हरण्याच्या जागी दुसरा बैल यायला आम्हाला आणखी तीन वर्षे लागली.

बंधूंनो, रक्कम कमी नव्हती. हेतूही वाईट नव्हता. चुकली ती फक्त वेळ. शेतीत वेळ चुकली की सगळे चुकते.

रामाजी अनंतास पाठविलेले पत्र

पुढे कितीतरी वर्षांनी महाराजांचे एक पत्र माझ्या वाचनात आले. ५ सप्टेंबर १६७६ चे हे पत्र प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले आहे. प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याकडचा मुलूख. राज्याभिषेक होऊन दोन वर्षे झाली होती आणि दक्षिणेकडच्या मोठ्या मोहिमेची तयारी चालू होती. अशा धामधुमीत हा राजा एका सुभेदाराला कुणब्याच्या बैलाबद्दल लिहितो आहे. पत्र मुळातून वाचावे असेच आहे. इथे मी त्याचा आशय आपल्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट. सुभेदाराने गावोगाव फिरावे आणि ज्या गावी जाईल तिथले कुणबी गोळा करावेत. म्हणजे कचेरीने रयतेकडे जायचे. रयतेने कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट. प्रत्येकाची ऐपत पाहावी. कोणाकडे किती माणूसबळ आहे, किती बैल आहेत, घरात दाणा आहे की नाही, हे तपासावे. ज्याच्याकडे सगळे आहे त्याला जमीन करू द्यावी. पण ज्याच्याकडे कष्ट करायला माणसे आहेत आणि बैल नाहीत, नांगर नाही, पोटाला दाणा नाही, तो अडून बसलेला आहे. त्याला दोन-चार बैलांसाठी रोख पैसा द्यावा आणि खाण्यासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. जेवढे रान त्याच्याच्याने होईल तेवढे करवून घ्यावे.

इथे जरा थांबू. धान्य कशासाठी? राजाला कळत होते की उपाशी घरात बियाणे टिकत नाही आणि बैलाचे पैसे बैलाला जात नाहीत. आमच्या घरी नेमके तेच झाले. बैलाला पैसे दिले आणि पोटाची सोय केली नाही, तर पैसा पोटाकडेच वळतो. माणसाला दोष देऊन उपयोग नाही. महाराजांनी बैल आणि दाणा दोन्ही एकदम दिले. शेतीचे इतके बारीक ज्ञान सिंहासनावर बसलेल्या माणसाला होते.

तिसरी गोष्ट वसुलीची. दिलेला पैसा माफ केला नाही, तो परत घ्यायचाच होता. पण वाढीदिढी न लावता, फक्त मुद्दल. तेही एकदम मानेवर बसून नव्हे, तर कुणब्याला जसजशी शक्ती येईल तसतसे हळूहळू. जुनी बाकी ज्याच्याकडून खरोखर येण्यासारखी नाही, ती सोडून देण्याची मोकळीकही दिली होती.

चौथी गोष्ट पैशाची. या कामासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी मंजूर आहे, असे महाराज लिहितात. लारी हे त्या काळचे चांदीचे नाणे. पडीक जमीन लागवडीस यावी, रयत उभी राहावी आणि त्यातूनच राज्याचे उत्पन्न वाढावे, हा हिशेब. हा दानधर्म नव्हता. उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याकडूनच राज्याला धारा मिळतो, मोडलेल्याकडून काही मिळत नाही, हे साधे गणित होते.

आणि पाचवी गोष्ट सुभेदाराच्या चारित्र्याची. रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये, अशी ताकीद पत्रात आहे. धान्याच्या राशीवर डोळा ठेवू नये हे कुणीही सांगेल. देठापर्यंत जाऊन सांगणारा राजा विरळा. कारण लाच राशीपासून सुरू होत नाही, ती देठापासूनच सुरू होते.

तगाई, इस्तावा आणि धारा

हे एकच पत्र नाही, हे धोरणच होते. कृष्णाजी अनंत सभासद हे महाराजांच्या दरबारातले गृहस्थ. त्यांनी पुढे राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिली. तिच्यात जमीन मोजण्याची रीत दिली आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असे प्रमाण सांगितले आहे. नवी रयत येऊन वसली तर तिला गुरे आणि बियाणे द्यावे, आणि ते दोन-चार वर्षांत वसूल करावे, असेही त्यात आहे.

पडीक रान वहितीस आणणाऱ्यासाठी इस्ताव्याची पद्धत होती. पहिल्या वर्षी नाममात्र धारा, पुढे वर्षागणिक थोडा थोडा वाढवत नेऊन काही वर्षांनी पूर्ण धारा. ज्याने दगडगोटे वेचून नवे रान काढले आहे, त्याला माहीत असते की पहिली दोन-तीन वर्षे त्या रानात घामाशिवाय काही पिकत नाही.

तगाई हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगला ठाऊक आहे. त्याच्या शेजारी आपल्या जिल्ह्यातला आणखी एक शब्द ठेवून पाहा. तो शब्द म्हणजे उचल. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत राबायचे. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. तगाईही आगाऊ दिलेला पैसाच आणि उचलही आगाऊ दिलेला पैसाच. पण तगाईने माणूस स्वतःच्या रानात उभा राहतो, उचलीने तो स्वतःच्या रानातून उठतो. कर्ज कशासाठी आणि कोणत्या अटीवर, यावर घर टिकते की मोडते ते ठरते.

कडब्याची गंज आणि उंदराने नेलेली वात

महाराजांचे दुसरे एक पत्र चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीस राहिलेल्या जुमलेदारांना आणि हवालदारांना आहे. १६७३-७४ च्या सुमाराचे. घोडदळ पावसाळ्यासाठी तिथे राहिले होते. महाराज विचारतात त्याचा सारांश असा. आत्ताच दाणा-गवत मनमानेल तसे उधळलेत, तर भर पावसाळ्यात काय घालाल? घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. मग लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणा.

त्याच पत्रात आगीबद्दल बजावले आहे. कुणी गंजीजवळ चूल पेटवील, कुणी चिलमीचा विस्तव टाकील, रात्री दिवा तसाच ठेवाल आणि जळती वात उंदीर ओढून नेईल. एका ठिणगीने सगळा चारा जाईल. उंदराने वात न्यायची गोष्ट छत्रपतींच्या पत्रात! यालाच कारभार म्हणतात.

हे पत्र आपल्याला आजही लागू आहे. आपल्या जिल्ह्यात दर दोन-चार वर्षांनी चाऱ्याची टंचाई येते. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे उन्हाळे आपण विसरलेलो नाही. तरीही दिवाळीत कडबा ताटाताटाने बैलापुढे टाकतो आणि निम्मा पायाखाली जातो. कडबा कुट्टी करूनच घालावा. चाऱ्याचा अंदाज दिवाळीलाच घ्यावा. जनावरे किती, महिने किती, कडबा किती, हे वहीत लिहावे. पाणी आहे तोवर थोड्या क्षेत्रात मका किंवा ज्वारी करून मुरघास घालून ठेवावा. गंज घरापासून, चुलीपासून आणि विजेच्या तारेपासून लांब रचावी. आपले देवणी आणि लाल कंधारी बैल काटक आहेत, पण काटक म्हणजे उपाशी राहणारे नव्हे.

झाडे आणि बाजार

एक दुरुस्ती इथे करतो. आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वर्षानुवर्षे सांभाळलेली असतात, असे सांगणारा मजकूर महाराजांचे पत्र म्हणून बऱ्याच ठिकाणी लावलेला दिसतो. प्रत्यक्षात तो आज्ञापत्रातला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा मानतात. पण अमात्यांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता, तेव्हा शिकवण त्याच घरची आहे. आरमाराला लाकूड हवे तर स्वराज्यातला साग न्यावा. अधिक लागले तर बाहेरून विकत आणावे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून आणि मोबदला देऊनच तोडावे. मालकाच्या डोळ्यांतले पाणी कोणत्याही जहाजापेक्षा जड असते, हे त्यामागचे मर्म मला वाटते.

आपल्या बालाघाटावर आंबा-फणस नाही, पण सीताफळ आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. जे झाड आपण बांधावरचे रानटी म्हणून तोडत होतो, त्याच्यावर आज बागा उभ्या राहत आहेत. मुरमाड रानासाठी याचा विचार जरूर करावा.

बाजाराबद्दलही महाराजांची दृष्टी पाहण्यासारखी आहे. गोव्याकडच्या बारदेशातून पोर्तुगीजांचे मीठ स्वस्तात येऊ लागले आणि कोकणातल्या मिठाचा धंदा बसू लागला. तेव्हा १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहून बाहेरून येणाऱ्या मिठावर जकात वाढवली, म्हणजे आपल्या मिठागरांचे मीठ विकले जावे. सोयाबीन आणि तुरीचा भाव बाहेरून येणाऱ्या तेला-डाळीने पडतो तेव्हा आपण जे मागतो, ते साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने न मागता केले होते.

रामाजी अनंताच्या पत्रातही सरकारी माल विकण्याबद्दल सूचना आहेत. कोणता जिन्नस कोणत्या हंगामात महाग विकतो ते पाहावे. माल पडून खराबही होऊ नये आणि विक्री तर चांगल्या भावाने व्हावी. ही सूचना आपण आपल्या भिंतीवर लिहून ठेवावी. खळे झाले की सगळे सोयाबीन एकाच आठवड्यात मोंढ्यावर नेतो आणि मग भाव पडला म्हणून बसतो. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना आहे. गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने मिळते. घरची निकड भागते आणि माल हातात राहतो. आपल्या बाजार समितीत ही सोय चालू आहे का, याची चौकशी खळ्याच्या आधीच करावी.

आता आपली कर्तव्ये

मित्रहो, राजाची कर्तव्ये ऐकायला गोड वाटतात. पण आज राजा नाही. मत आपण देतो, सोसायटीचे संचालक आपण निवडतो, ग्रामसभेत आपण बसतो, निदान बसायला पाहिजे. तेव्हा राजाच्या कर्तव्याचा काही भार आपल्याही खांद्यावर आला आहे. मी फक्त पाच गोष्टी सांगतो.

एक. पीककर्जाची कागदपत्रे पाडव्यालाच तयार ठेवा. सातबारा, आठ-अ, जुने खाते, वारसाची नोंद, जे अडते ते उन्हाळ्यात सोडवा. मृगात बँकेच्या दारात उभे राहणे म्हणजे वाफसा बँकेत घालवणे आहे. घेतलेले पीककर्ज पिकालाच लावा आणि मुदतीत फेडा. मुदतीत फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते, थकवणाऱ्याला मिळत नाही. महाराजांनीही मुद्दल सोडले नव्हते, हे लक्षात असू द्या.

दोन. बियाणे घरचे राखा. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक आहे, त्याचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. मात्र साठवताना पोत्यांची उंच थप्पी लावू नये आणि पोती आदळू नयेत, कारण या बियाचे टरफल फार नाजूक असते. पेरणीपूर्वी उगवण तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळी करा, ती ओली ठेवा आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजा. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्यालायक. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरती ओल गेल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीचे कर्ज हे सगळ्यात महाग कर्ज असते.

तीन. सावड मोडू देऊ नका. पूर्वी इर्जिक घालून गावाने एकाचे रान एका दिवसात नांगरले. आज बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. पण ट्रॅक्टरही वाफशावर सगळ्यांना एकाच दिवशी लागतो. गटाने पेरणीयंत्र घ्या आणि पाळी ठरवा. त्या पाळीत विधवा बहिणीचे, म्हाताऱ्या माणसाचे आणि ज्याच्या घरची माणसे ऊसतोडीला गेली आहेत त्याचे रान शेवटी टाकू नका. ते पहिल्या दिवशीच घ्या. राजाने आधी अडलेल्याकडे पाहिले होते.

चार. इथे कृषी खात्याचे, महसूल खात्याचे, बँकेचे अधिकारी बसले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो. गावात या. कागदात एक चूक असेल तर तीन हेलपाट्यांऐवजी एकाच वेळी सगळ्या चुका सांगा. आपल्या खुर्चीला आज रामाजी अनंताचीच जागा आहे. आपल्या टेबलावरच्या अर्जाच्या मागे कुणाचा तरी मोऱ्या खुंट्याला एकटा उभा आहे.

पाच. ही शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची. कर्जाच्या ओझ्याने आपल्या जिल्ह्यातली किती घरे उजाड झाली, हे मी सांगायला नको. शेजारी दोन दिवस पारावर दिसला नाही, बोलेनासा झाला, बियाणे आणायला गेला नाही, तर त्याच्या घरी जा. सल्ला देऊ नका, आधी त्याच्याजवळ बसा. मग विचारा, किती लागतात आणि कधी लागतात. ज्याच्याकडे कष्ट करायला हात आहेत तो नालायक नसतो. त्याचा फक्त एक बैल कमी पडलेला असतो. महाराजांच्या पत्राचा सगळा अर्थ मला या एका वाक्यात दिसतो.

शेवटी

महाराजांचा जन्म झाला त्याच सुमारास, १६३०-३२ मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. गावे ओस पडली होती. त्याच काळात पुण्याची जाळपोळ झाली आणि ती कसबा उजाड झाली. पुढे जिजाऊंनी तिथे सोन्याचा नांगर फिरवला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. नांगर सोन्याचा होता की लोखंडाचा, याचा वाद मी घालत नाही. दुष्काळाने मोडलेल्या मुलखात ज्या मुलाचे बालपण गेले, त्याला मोठेपणी कुणब्याच्या बैलाची आठवण राहिली, एवढे मात्र कागदावर आहे.

आमच्या घरातली ती खुंटी अजून आहे. वडील गेले, आई गेली, आता दारात बैलही नाहीत. दावे मात्र मी काढलेले नाही. नातू विचारतो, आजोबा, हे कशाला ठेवलंय? मी त्याला सांगतो, वेळ चुकली की काय होते ते लक्षात राहावे म्हणून. आता यंदा त्याला रामाजी अनंताचे पत्रही वाचून दाखवणार आहे. एका राजाला वेळ साधायची होती आणि साधता आली, हेही त्याला कळले पाहिजे.

पाडवा आता फार लांब नाही. घरी गेल्यावर आधी बियाण्याचे पोते उघडून पाहा, कागदांची पिशवी काढा आणि शेजाऱ्याला हाक मारा. शिवजयंती साजरी केली असे मग म्हणता येईल.

जय शिवराय!